टॅरो डेक डिजिटली करताना : कामाचा क्रम आणि हमखास होणारे घोळ

टॅरो म्हणजे भविष्य बघायला वापरतात तो ७८ कार्डांचा डेक: बावीस मेजर आर्काना, आणि वाँड्स (काठ्या), कप्स (पेले), स्वोर्ड्स (तलवारी), पेंटॅकल्स (नाणी) या चार सूटची प्रत्येकी चौदा मायनर कार्डं. बावीस मेजर आर्काना हौसेने काढून झाली आणि मायनरच्या चौथ्या-पाचव्या कार्डाशी गाडं अडलं, असे अर्धवट डेक बऱ्याच चित्रकारांच्या आयपॅडमध्ये पडून असतात. त्याहून वाईट अवस्था सगळी ७८ कार्डं पुरी करून प्रेसमध्ये जाणाऱ्यांची होते. माप चुकलंय, ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) ठेवलेलं नाही, निळं आभाळ छपाईत जांभळं येतंय, आणि आता एकूण एक फाइल पुन्हा उघडायची आहे, हे त्यांना तिथे उभ्या उभ्या कळतं. दोन्हींचं मूळ एकच आहे. छपाईचं शेवटी बघू म्हटलं, आणि आवडती कार्डं आधी काढली.

खालचा क्रम एकट्याने काम करणाऱ्या चित्रकारासाठी आहे. प्रोक्रिएट, क्रिता, क्लिप स्टुडिओ, फोटोशॉप यांपैकी काहीतरी बऱ्यापैकी हाताखालचं असावं, एवढंच गृहीत धरलंय. टॅरोवर तुमचा विश्वास हवाच असं नाही. पण रीडर लोक, म्हणजे कार्डं मांडून त्यांचा अर्थ सांगणारे, कार्डं कशी हाताळतात, कशी उलटतात, कुठल्या उजेडात बघतात हे ठाऊक नसेल तर आधी एखाद्या रीडरसमोर तासभर बसून या.

## सुरू करण्याआधी : चार निर्णय

हे चार निर्णय कागदावर लिहून भिंतीवर लावा. मधेच यातला एक जरी बदलला तरी निम्मं काम वाया जातं.

वळण कुठलं? आज विकले जाणारे बहुतेक डेक १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या रायडर-वेट डेकच्या वळणाने जातात. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. त्यात दुर्री ते दश्शीच्या प्रत्येक कार्डावर प्रसंग आहे. त्याहून जुन्या, फ्रान्सकडच्या मार्सेय वळणाच्या डेकमध्ये मायनरवर फक्त तेवढे पेले, तेवढ्या तलवारी मांडलेल्या असतात. प्रसंगांचा डेक काढायचा म्हणजे किमान पन्नासेक वेगळ्या रचना डोक्यातून काढाव्या लागतात. पण नवख्या रीडरला तोच हवा असतो, त्यामुळे विक्रीही त्याचीच जास्त.

क्रमांक. रायडर-वेटमध्ये स्ट्रेंग्थ ८ आणि जस्टिस ११, मार्सेयमध्ये नेमकं उलट. एक पद्धत निवडा आणि पुस्तिकेतही तीच ठेवा.

७८ की २२? पहिलाच डेक असेल तर फक्त मेजरचा २२ कार्डांचा डेक काढण्यात काही कमीपणा नाही. तो खपतो, आणि छपाईचे सगळे धडे कमी पैशांत मिळतात. मात्र तो 'संपूर्ण टॅरो' म्हणून विकू नका.

विषय. आपल्याकडच्या चित्रकाराला वारली, पैठणीची किनार, गडकोट, वारी असं काहीतरी सुचतंच. हर्मिट आणि सन कुठल्याही विषयात बसतात, त्यावरून हुरळून जाऊ नका. विषयाची परीक्षा अवघड कार्डांवर घ्या. डेव्हिल, टॉवर, टेन ऑफ स्वोर्ड्स, फाइव्ह ऑफ कप्स आणि एट ऑफ पेंटॅकल्स ही पाच तुमच्या विषयात ओढाताण न करता बसली तर पुढे जा.

सावधान : देवदेवता घेताना दहादा विचार करा. टॅरोची कार्डं पिसली जातात, जमिनीवर मांडली जातात, आणि निम्म्या वेळा रिव्हर्स, म्हणजे डोकं खाली पाय वर अशी येतात. सावंतवाडीच्या गंजिफात (हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या जुन्या खेळात) दशावतार आहेत हे खरं, पण ते पत्ते गोल असतात आणि पत्ता उलटा आला म्हणून खेळात त्याचा अर्थ बदलत नाही. टॅरोत बदलतो. उलटा विठोबा घरात कुणाला आवडेल?

हक्कांबद्दलही इथेच. स्मिथ १९५१ साली वारल्या. भारतात कलाकृतीचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे १९०९ च्या मूळ चित्रांवरचा हक्क इथे संपलेला आहे. म्हणून त्यांच्या रचना समोर ठेवून काम करायला हरकत नाही. नंतर कुणीतरी नव्याने रंगवलेल्या आवृत्त्या आणि इंटरनेटवर दिसणारे आजचे डेक ही वेगळी गोष्ट आहे. त्यांवरून गिरवू नका. खालून गिरवलेली रेघ ओळखणारे लोक या क्षेत्रात भरपूर आहेत.

## टप्पा १ : आधी प्रेस, मग कॅनव्हास

पहिली रेघ ओढण्यापूर्वी दोन-तीन प्रेसमध्ये जाऊन या. फोनवर भागत नाही, कारण कागद बोटांत धरून बघायचा असतो. विचारायचं ते असं:

१. कार्डाचं तयार माप काय देता? टॅरोचं रुळलेलं माप ७० × १२० मिमी. काही ठिकाणी २.७५ × ४.७५ इंच म्हणतात, ते ६९.८५ × १२०.६५ मिमी होतं. दोन्ही सारखीच वाटतात, पण डाय (कार्ड कापायचा साचा) एकाच मापाची असते.

२. ब्लीड किती हवं? बहुधा चारी बाजूंनी ३ मिमी.

३. कोपरे गोल करून मिळतील का, आणि त्रिज्या किती?

४. कागद कुठला? साध्या डिजिटल प्रेसमध्ये ३०० किंवा ३५० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचं) आर्ट कार्ड मिळतं. खास पत्त्यांचा, मध्ये काळा थर असलेला कागद मोठ्या कारखान्यांतच मिळतो.

५. लॅमिनेशन दोन्ही बाजूंनी करता ना? एकाच बाजूने केलेलं कार्ड वळतं, आणि आपल्या पावसाळ्यात तर पापडासारखं वळतं.

६. शीट केवढी, आणि तिच्यावर किती कार्डं बसतात?

शेवटचा प्रश्न चित्रकार विचारतच नाहीत, आणि पैसे तिथेच जातात. ब्लीड धरून एक कार्ड ७६ × १२६ मिमी होतं. १३ × १९ इंची शीटवर अशी १२ बसतात, म्हणजे ७८ कार्डांना ७ शीट लागतात आणि ६ जागा उरतात. १२ × १८ इंची शीटवर जेमतेम १० बसतात, म्हणजे ८ शीट. उरलेल्या जागा रिकाम्या सोडू नका. डेकच्या नावाचं एक कार्ड, चित्रकाराच्या माहितीचं एक, आणि बाकीच्या जागांवर ज्या कार्डांची शंका आहे त्यांच्या दुसऱ्या प्रती. त्यांचा छपाईखर्च वेगळा पडत नाही.

सावधान : जागा वाचवायला प्रेसवाले काही कार्डं उभी, काही आडवी लावतात. तसं करू देऊ नका. कागदाला धाग्याची एक दिशा असते. एकाच डेकमध्ये दोन दिशांची कार्डं आली तर ती वेगवेगळी वळतात आणि पिसताना हाताला लगेच जाणवतं. सगळी कार्डं एकाच दिशेने लावा, हे ऑर्डरच्या कागदावरच लिहून द्या.

## टप्पा २ : ७८ ओळींचा तक्ता

हा टप्पा कंटाळवाणा आहे म्हणून सगळे टाळतात. टाळू नका. साध्या स्प्रेडशीटमध्ये दर कार्डाला एक ओळ करा. रकाने असे: फाइल क्रमांक, कार्डाचं नाव, वस्तूंची संख्या, मुख्य व्यक्ती (वय, बाई की पुरुष), तोंड कुठल्या बाजूला, दिवसाची वेळ, मुख्य रंग, स्थिती.

फाइलला नाव न देता तीन आकडी क्रमांक द्या. मेजर ००० ते ०२१, वाँड्स १०१ ते ११४, कप्स २०१ ते २१४, स्वोर्ड्स ३०१ ते ३१४, पेंटॅकल्स ४०१ ते ४१४. प्रत्येक सूटमध्ये शेवटचे दोन आकडे असे: पेज ११, नाइट १२, क्वीन १३, किंग १४. हे आकडे फाइलवर इंग्रजीत टाइप करा, म्हणजे कुठल्याही संगणकावर ओळीने लागतात आणि प्रेसच्या ऑपरेटरला तुमच्याशी न बोलताही क्रम कळतो.

'वस्तूंची संख्या' हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. छापून आलेल्या डेकमध्ये सगळ्यांत जास्त सापडणारी चूक हीच: नाइन ऑफ वाँड्सवर आठच काठ्या. कारण रचना मनात अर्धीच राहते. रायडर-वेटच्या वळणात त्या कार्डावर आठ काठ्या मागे उभ्या असतात आणि नववी माणसाच्या हातात. सेव्हन ऑफ वाँड्सवर सहा खालून येतात, सातवी हातात. सेव्हन ऑफ स्वोर्ड्सवर पाच तलवारी तो उचलून नेतो, दोन मागे रोवलेल्या. फोर ऑफ कप्सवर तीन पेले समोर आणि चौथा ढगातून आलेल्या हातात. फाइव्ह ऑफ कप्सवर तीन सांडलेले, दोन उभे. तक्त्यात नुसतं '७' लिहू नका, '५ + २' असं लिहा.

'तोंड कुठल्या बाजूला' हा रकाना चित्रकाराला फालतू वाटतो, पण रीडरला वाटत नाही. तीन कार्डं शेजारी मांडल्यावर कोण कुणाकडे बघतंय, कोण पाठ फिरवतंय यावरून ती बोलत असते. सगळे चेहरे डावीकडेच वळलेले असतील (उजव्या हाताने काढणाऱ्यांचं असं नकळत होतं) तर ती भाषाच बंद पडते.

तपासणी : तक्ता पुरा झाल्यावर 'तोंड' आणि 'वेळ' हे रकाने वरून खाली वाचा. ओळीने सातआठ ठिकाणी 'डावीकडे, संध्याकाळ' आलं तर आत्ताच बदला.

## टप्पा ३ : टेम्पलेट

एकच कोरी फाइल करा आणि ७८ वेळा तिचीच प्रत काढा. ७६ × १२६ मिमी माप ३०० डीपीआयला ८९८ × १४८८ पिक्सेल होतं. छपाईला ते पुरेसं आहे, पण चित्र दुप्पट, म्हणजे ६०० डीपीआयला काढा: १७९५ × २९७६. उद्या पोस्टर करायचं झालं किंवा मोठ्या कार्डांची आवृत्ती काढायची झाली तर पस्तावणार नाही. कॅनव्हास मोठा केला की प्रोक्रिएटमध्ये मिळणारे लेअर कमी होतात. जुन्या आयपॅडवर हे आधी बघून घ्या.

टेम्पलेटमध्ये सगळ्यांत वर, लॉक केलेल्या लेअरवर तीन चौकटी ठेवा. बाहेरची ब्लीडची, मधली कापायच्या जागेची आणि आतली सुरक्षित जागेची, कापायच्या रेघेपासून ४ मिमी आत. चेहरे, बोटं, आकडे, नावं, तलवारीची टोकं यांतलं काहीही त्या आतल्या चौकटीबाहेर नको. कोपऱ्यांची गोलाईसुद्धा याच लेअरवर काढून ठेवा, नाहीतर कोपऱ्यातला चंद्र कापला जातो.

सावधान : कार्डाला बारीक किनार देण्याचा मोह प्रत्येकाला होतो. कटिंगमध्ये १ मिमी इकडे-तिकडे होणं ही प्रेसची चूक मानली जात नाही. तुमची किनार २ मिमीची असेल तर १ मिमी सरकल्यावर एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला ३ दिसते, आणि ते आंधळ्यालाही कळेल. किनार ठेवायची तर ५ मिमी ठेवा, नाहीतर चित्र थेट कडेपर्यंत जाऊ द्या. मी दुसरा पर्यायच सुचवीन.

## टप्पा ४ : सहा कार्डं, एक पाठ, एक डमी

या टप्प्याआधी मेजरला हात लावू नका. डेकची शैली 'द फूल' (वेडा) किंवा मॅजिशियन या कार्डांवर ठरत नाही, कारण एका माणसाचं देखणं चित्र सगळ्यांनाच जमतं. ती शैली गर्दीत टिकते का, अंधारात टिकते का, रिकाम्या जागेत टिकते का, हे बघायला ही सहा काढा:

- टेन ऑफ पेंटॅकल्स. म्हातारा, जोडपं, पोर, कुत्री आणि वर दहा नाणी. सगळ्यांत खच्चून भरलेलं कार्ड.
- फाइव्ह ऑफ वाँड्स. पाच माणसं, पाच काठ्या, सगळं एकमेकांत गुंतलेलं.
- द मून. रात्रीचे रंग कागदावर काय होतात ते यावर कळतं.
- नाइट ऑफ स्वोर्ड्स. घोडा आणि वेग.
- एस ऑफ कप्स. जवळजवळ काहीच नाही. साधं चित्र उघडं पडतं का ते बघायला.
- क्वीन ऑफ पेंटॅकल्स. त्वचेचा रंग आणि हिरवा, दोन्ही एकत्र.

सूटची चिन्हं इथेच पक्की होतात. समजा शिवकाळाचा विषय आहे आणि पेंटॅकलच्या जागी शिवराई घेतलीत. त्या नाण्यावर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' अशी अक्षरं असतात. एस ऑफ पेंटॅकल्सवर ती झकास दिसतात. टेनवर तेच नाणं जेमतेम सेंटीमीटरभर उरतं आणि अक्षरांचा चिखल होतो. म्हणून चिन्ह आधी सर्वांत लहान आकारात काढा. सेंटीमीटरभर जागेत ते ओळखू आलं तरच मोठं करा. कप्ससाठी तांब्या घेणाऱ्यांनी आणखी एक बघावं: उभ्या तांब्यापेक्षा आडवा, सांडलेला तांब्या ओळखायला कठीण जातो, आणि फाइव्ह ऑफ कप्सवर तर तीन सांडलेले लागतात.

सहा कार्डं झाली की ती खऱ्या कागदावर, खऱ्या मापात, लॅमिनेशनसह छापून घ्या. एका शीटचा खर्च आहे. मग ७२ कोरी कार्डं त्याच कागदाची कापून घ्या, त्यात ही सहा घाला, म्हणजे डमी तयार, आणि ती आठवडाभर पिसत राहा. कागद जाड आहे की पातळ, कडा फाटतात का, गडद रंगावर ओरखडे उमटतात का, हे सगळं आत्ता कळतं. मॅट लॅमिनेशन हाताला छान लागतं, पण गडद कार्डावर बोटांचे ठसे आणि ओरखडे त्यावरच जास्त दिसतात.

तपासणी : छापलेली सहा कार्डं रात्री घरातल्या साध्या दिव्याखाली जमिनीवर मांडा आणि उभं राहून बघा. रीडर आणि समोर बसलेला माणूस साधारण एवढ्याच अंतरावरून बघतात. काय चाललंय ते कळलं नाही तर तपशील कमी करा.

## टप्पा ५ : सगळ्या डेकची थंबनेल

आता ७८ च्या ७८ रचना, प्रत्येकी दोन-अडीच सेंटीमीटर, करड्या रंगात. मोजून पाच-दहा मिनिटं एकेकीला. रंग नको, चेहरे नकोत. सगळ्या एका पानावर लावून डोळे बारीक करून बघा.

शोधायचं एकच: सारखी दिसणारी कार्डं. काही जोड्या ठरलेल्या आहेत. टू ऑफ स्वोर्ड्स आणि एट ऑफ स्वोर्ड्स, दोन्हीकडे डोळ्यांवर पट्टी बांधलेली बाई. हाय प्रीस्टेस, हायरोफंट आणि जस्टिस, तिघंही दोन खांबांमध्ये समोर तोंड करून बसलेले. सिक्स ऑफ वाँड्सचा घोडेस्वार आणि वाँड्सचा नाइट. अशा ठिकाणी कोन बदला, अंतर बदला, एकाला बसवा तर दुसऱ्याला उभं करा.

चार नाइट तर शेजारीशेजारीच काढा. रायडर-वेटमध्ये चार घोडे हीच चार स्वभावांची खूण आहे: स्वोर्ड्सचा भरधाव, वाँड्सचा मागच्या पायांवर उधळलेला, कप्सचा संथ चालीचा, पेंटॅकल्सचा जागेवर उभा. एकच घोडा काढून चार वेळा चिकटवला की रीडरच्या हातातून निम्मा अर्थ जातो. डिजिटलमध्ये कॉपी-पेस्ट फुकट असतं, म्हणून हा घोळ इतका होतो.

## टप्पा ६ : काढण्याचा क्रम

सूटप्रमाणे जाऊ नका. एवढ्या कार्डांत हात सुधारतोच. वाँड्सपासून सुरू केलंत तर वाँड्स कच्चे आणि पेंटॅकल्स पक्के दिसतात. आकड्याप्रमाणे जा: चारही टू, मग चारही थ्री, अशी चढती. शैलीतला फरक मग चारही सूटमध्ये सारखा वाटला जातो आणि डोळ्याला बोचत नाही.

मायनर निम्म्याच्या वर सरकले की मध्ये मध्ये मेजर घ्या. फूल, लव्हर्स, डेथ, स्टार, सन, वर्ल्ड ही कार्डं मात्र शेवटच्या तिसऱ्या भागासाठी राखून ठेवा. खोक्यावर, जाहिरातीत, फोटोत हीच जातात, तेव्हा ती तुमच्या सर्वांत तयार हाताची असू द्यात. शिवाय शेवटी काहीतरी आवडतं शिल्लक राहिलं की दमही टिकतो.

पार्श्वभूमी, माणसं, वस्तू आणि अक्षरं वेगळ्या लेअरवर ठेवा, आणि मूळ फाइल कधीही सपाट करू नका. दर दहा कार्डांनी दोन ठिकाणी बॅकअप. यापेक्षा जास्त यावर सांगण्यासारखं काही नाही, पण न करणारे न करणारच.

तपासणी : दर कार्ड बंद करण्याआधी वस्तू बोटाने मोजा आणि तक्त्यात खूण करा. मग हातांची बोटं मोजा.

## टप्पा ७ : कार्डाची पाठ

पाठ १८० अंशांत फिरवली तरी तशीच दिसली पाहिजे, नाहीतर कुठलं कार्ड रिव्हर्स आहे ते उलटण्याआधीच कळतं. नुसती डोळ्याने खात्री करू नका. पाठीच्या फाइलची एक जादा प्रत सपाट करा, तेच चित्र पुन्हा वरच्या लेअरवर घ्या, १८० अंशांत फिरवा, आणि त्या लेअरचा ब्लेंड मोड 'डिफरन्स' करा. सगळा पडदा काळा झाला तर नक्षी बरोबर आहे. कुठे करडी रेघ किंवा ठिपका चमकला तर तिथे फरक आहे. सुरुवातीपासूनच निम्मी नक्षी काढून उरलेली फिरवून जोडली तर हा प्रश्न येत नाही. सही, वर्ष, लोगो पाठीवर नको.

पाठीची नक्षीही कडेपर्यंत जाऊ द्या. दोन्ही बाजूंच्या छपाईत पुढची आणि मागची बाजू तंतोतंत जुळत नाही, आणि चौकटीतली पाठ ते लगेच उघडं पाडते.

## टप्पा ८ : अक्षरं

अक्षरं सगळी चित्रं झाल्यावर, एका बैठकीत, लेआउटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाका. चित्राच्या फाइलमध्ये एकेक टाकत गेलात तर जागा दोन-तीन पिक्सेलांनी हलते आणि कार्डं ओळीने मांडल्यावर नावं नाचतात.

देवनागरी नावं देत असाल तर फाँट युनिकोड आणि व्यावसायिक वापराला मोकळा असा घ्या. मुक्त आणि बलू हे दोन्ही खुल्या परवान्याचे आहेत. देवनागरीला वरखाली जागा लागते: रफार आणि वेलांटी शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली. पट्टी इंग्रजी नावांच्या मापाने आखली असेल तर 'सूर्य' छापताना वरून आणि खालून दोन्हीकडे कोंडी होते. सर्वांत लांब नाव आधी टाकून बघा, त्यावरून अक्षराचा आकार ठरवा, आणि तोच सगळीकडे ठेवा. फाइल प्रेसला देताना अक्षरांचं आउटलाइनमध्ये रूपांतर करा. प्रेसच्या संगणकावर तुमचा फाँट नसेल तर जोडाक्षरं फुटतात आणि ऑपरेटरच्या ते लक्षातही येत नाही.

## टप्पा ९ : रंग

एसआरजीबीमध्ये (पडद्याच्या रंगांत) चित्र काढा आणि शेवटी प्रती काढून सीएमवायकेमध्ये (सायन, मॅजेंटा, पिवळी, काळी या छपाईच्या चार शाईंत) न्या, असं माझं मत. प्रोक्रिएटमध्ये कॅनव्हास एकदा सीएमवायके म्हणून उघडला की तो नंतर आरजीबी करता येत नाही. रंगाची प्रोफाइल प्रेसकडून मागून घ्या आणि क्रिता किंवा फोटोशॉपमध्ये सॉफ्ट प्रूफ (छापल्यावर रंग कसे दिसतील त्याचा पडद्यावरचा अंदाज) लावून बघत राहा.

मार खाणारे रंग ठरलेले आहेत. पडद्यावरचा झगझगीत भगवा कागदावर विटकरीकडे झुकतो. चमकता मोरपंखी मरतो. आणि टॅरोत सगळ्यांत जास्त वापरला जाणारा रात्रीचा गडद निळा हमखास जांभळा होतो. त्यावर उपाय साधा आहे: निळ्यात मॅजेंटा हा सायनपेक्षा किमान ३० टक्क्यांनी कमी ठेवा. सायन १०० असेल तर मॅजेंटा ७० च्या वर नको. आभाळ खरंच जांभळं हवं असेल तर गोष्ट वेगळी.

गडद भागांत चारही शाईंची बेरीज प्रेसने सांगितलेल्या मर्यादेत, साधारण ३०० टक्क्यांपर्यंत ठेवा. त्याच्या वर गेलं की शाई वाळत नाही आणि लॅमिनेशन सुटतं. बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत द्या. चार शाईंचा काळा जरा सरकला की अक्षरांना रंगीत सावली येते. सोनेरी फॉइल हवी असेल तर ती वेगळ्या फाइलमध्ये, शंभर टक्के काळ्या रंगात, व्हेक्टर स्वरूपात. फॉइलच्या रेघा अगदी बारीक ठेवू नका, तुटतात.

सावधान : 'थोडं ब्राइट करून घ्या' असं ऑपरेटरला सांगून मोकळं होऊ नका. तो सगळ्या शीटवर एकच बदल करतो, आणि द मून वाचवताना द सन जळतं.

## टप्पा १० : प्रूफ आणि डोळस वाचन

पूर्ण डेकचा एक प्रूफ (तपासणीची छापील प्रत) खऱ्या कागदावर काढा, मग कितीही खर्च येवो. हा डेक एखाद्या रीडरला द्या आणि काहीही समजावू नका. ती कुठे थबकते, कुठलं कार्ड दुसरंच समजते, कुठे नाव वाचायला कार्ड डोळ्यांजवळ नेते, एवढंच टिपा. तुमच्या कल्पनांचं तिने कौतुक केलं तर ते टिपायची गरज नाही.

मग ७८ कार्डं तक्त्याशी एकेक ताडून पाहा: क्रमांक, नाव, संख्या. शुद्धलेखन दुसऱ्याकडून तपासून घ्या. मंजूर प्रूफवर तारीख घालून सही करा, एक संच तुमच्याकडे, एक प्रेसकडे.

## टप्पा ११ : खोकं आणि पुस्तिका

खोक्याचं माप गणिताने काढू नका. ०.३५ मिमी जाडीच्या ७८ कार्डांची चवड २७.३ मिमी व्हायला हवी, पण लॅमिनेशन आणि कार्डांमधली हवा धरून ती जास्तच भरते. प्रूफचा डेक हलका दाबून मोजा, त्यात पुस्तिकेची जाडी मिळवा, आणि बोट शिरायला जागा ठेवा. खोक्याची ऑर्डर प्रूफ हातात आल्यावरच द्या.

मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात. अर्ध्या पानाला एक कार्ड धरलं तर ३९ पानं, वर प्रस्तावना आणि मांडणीचे एकदोन नमुने, म्हणजे ४४ किंवा ४८. रिव्हर्सचा अर्थ देणार असाल तर सगळ्या कार्डांना द्या.

## टप्पा १२ : छपाई आणि संच लावणं

पन्नास-शंभर डेकपर्यंत डिजिटल छपाई परवडते. पाचशे-हजारांची खात्रीची मागणी असेल तर ऑफसेट (प्लेट करून मोठ्या मशीनवरची छपाई), मग तुमच्या शहरात किंवा तमिळनाडूतल्या शिवकाशीला. दर विचारताना कटिंग, गोल कोपरे, लॅमिनेशन, संच लावणं आणि जीएसटी धरून की सोडून, हे प्रत्येक वेगळं लिहून घ्या. आगाऊ नोंदणीचे पैसे पूर्ण प्रूफ मंजूर झाल्याशिवाय घेऊ नका.

ग्राहकाची सगळ्यांत कडवट तक्रार रंगाची नसते, 'एक कार्ड कमी आहे' ही असते. संच प्रेसने लावले तरी घरी तपासा. ३०० जीएसएमचं ७० × १२० मिमी कार्ड सुमारे अडीच ग्रॅम भरतं, वर लॅमिनेशनचं वजन. हाताने मोजून खात्री केलेला एक डेक एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा, तो आकडा लिहा, आणि बाकीचे डेक एकेक ठेवत जा. आकडा दोन-तीन ग्रॅमनी खाली आला की तो डेक बाजूला काढून मोजा. एक कार्ड गायब आणि दुसरं दोनदा, हा प्रकार मात्र काट्यावर कळत नाही. त्यासाठी प्रत्येक डेक क्रमाने लावून कडेचे आकडे एकदा डोळ्याखालून घाला, आणि मगच खोकं सील करा. टप्पा १ मधल्या उरलेल्या जागांवर छापून घेतलेल्या जादा प्रती इथे कामी येतात.

फेरछपाईला कागदाचा नवा लॉट आणि मशीनची नवी मांडणी असते, रंग हलतोच. पहिल्या छपाईतला एक सीलबंद डेक त्यासाठी बाजूला काढा, त्यावर प्रेसचं नाव, कागद आणि तारीख लिहा, आणि कुणी कितीही मागितला तरी तो विकू नका.